आधी चोर ठरवा, मग गोष्ट लिहा: प्राणी-गुप्तहेराची सचित्र रहस्यकथा

मुलांसाठी लिहिलेल्या प्राणी-गुप्तहेरांच्या बऱ्याच गोष्टी माझ्याकडे वाचायला येतात. बहुतेकींत एकच चूक असते. शेवटच्या पानावर गुप्तहेर घसा खाकरून सांगतो, "चोर अमुक!" आणि वाचणाऱ्या मुलाला ते आधी ओळखायची काही सोयच नसते. पानं उलटून मागे गेलं तरी एकाही चित्रात त्याचा माग लागत नाही. सात वर्षांच्या मुलाला ही फसवणूक वाटते, आणि ती फसवणूकच असते.

चूक होते ती कामाच्या क्रमात. लेखक पहिल्या ओळीपासून लिहीत सुटतो, चोर त्याला वाटेत कुठेतरी सुचतो, मजकूर पुरा झाला की तो चित्रकाराकडे जातो आणि मजकुरात आहे तेच चित्रकार पुन्हा रंगवून देतो. मी उलटा क्रम सांगते: आधी उत्तर, मग सुगावे, मग पानांची आखणी आणि वाक्यं त्यानंतर. हा क्रम सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठीच्या ३२ पानी पुस्तकाचा आहे. उदाहरण म्हणून शेवटपर्यंत एकच गोष्ट धरू: कोल्हापूरकडचं एक गुऱ्हाळ, तिथली गुळाची ताजी ढेप आणि तिचा रातोरात नाहीसा झालेला कोपरा.

टप्पा १: सगळं उत्तर एका वाक्यात

कोणी, काय, का केलं आणि कशामुळे सापडला, हे एका वाक्यात लिहून भिंतीवर लावा. आपल्या गोष्टीचं वाक्य असं: "राखणदार कुत्रा मोत्या याने ढेपेचा कोपरा खाल्ला, कारण पहिल्या गुळाचा घास सगळ्यांना मिळाला आणि फाटकावर बसलेला मोत्या विसरला गेला, पण राखेत त्याचे पाय उमटले आणि बोलताना त्याची जीभ घसरली."

गुन्हा लहान ठेवा. काहीतरी खाल्लं गेलं, लपवलं गेलं, बदललं गेलं, एवढं पुरे. गुन्ह्यामागचं कारण मात्र मुलाने स्वतः कधीतरी भोगलेलं हवं. सगळ्यांना वाटलं आणि मला विसरले, हे दुःख बालवाडीतल्या पोरालाही कळतं. "तो दुष्ट होता म्हणून" हे कारणच नव्हे.

चोर पहिल्या एक-तृतीयांश गोष्टीतच वाचकाच्या ओळखीचा झाला पाहिजे. तक्रार घेऊन येणाराच चोर असेल तर फारच छान, कारण तो पहिल्या पानापासून समोर असतो आणि तरीही त्याच्यावर नजर जात नाही.

तपासा: वाक्यातला "कारण" शब्दाच्या पुढचा भाग झाकून घरातल्या मुलाला विचारा, "का केलं असेल?" त्याने दोन-तीन कारणं पटापट सांगितली तर गोष्ट धरली. खांदे उडवले तर गुन्हा बदला.

टप्पा २: गुप्तहेराला एक खरी ताकद, एक खरी अडचण

डोक्यावर टोपी आणि हातात भिंग दिलं म्हणून कोल्हा गुप्तहेर होत नाही. तो प्राणी खरोखर काय करू शकतो, त्यातून तपास निघाला पाहिजे. गव्हाणी घुबडाचे दोन कान वरखाली असतात, म्हणून काळोखात नुसत्या आवाजावरून त्याला उंदीर नेमका कुठे आहे ते कळतं. कावळा माणसाचा चेहरा लक्षात ठेवतो. यातल्या प्रत्येक गोष्टीतून एक कथा निघेल.

आमची गुप्तहेर चिचुंद्री आहे, चिचूताई. नाक तल्लख, नजर अधू, भिंतीच्या कडेकडेने चालण्याची सवय आणि अंगाला असा वास की ती येण्याआधी तिची वर्दी पोचते. आणखी एक गोष्ट चित्रकाराला सोन्यासारखी: चिचुंद्रीची पिल्लं एकमेकांच्या शेपटीशी तोंडाने धरून आईमागे आगगाडीसारखी चालतात. म्हणजे ताईचे मदतनीस ठरलेच, तीन डब्यांची गाडी.

तिच्या अधू नजरेवर सगळं पुस्तक उभं आहे. ताईला जे दिसत नाही ते चित्रात मुलाला दिसतं. मूल पानावर बोट ठेवून ओरडतं, "अगं, तिथं बघ ना!" सचित्र रहस्यकथेत हा क्षण मिळाला नाही, तर चित्रं नुसती शोभेची झाली असं मी समजते. म्हणून गुप्तहेराची अडचण निवडताना मी नेहमी विचारते, यामुळे वाचकाच्या वाट्याला कोणतं काम येतं?

सावधान: साप दूध पितो, असल्या ऐकीव समजुतींवर उकल उभी करू नका. मूल मोठं होईल, खरं कळेल आणि तुमची गोष्ट खोटी पडेल. अशी समजूत वापरायचीच असेल तर गोष्टीतल्या पात्राची चूक म्हणून वापरा.

टप्पा ३: तीन खरे सुगावे, दोन खोट्या वाटा

तीनापेक्षा जास्त सुगावे या वयाच्या मुलाच्या हातात मावत नाहीत, आणि एकावर भागवलं तर कोडं उरत नाही. तिन्ही वेगवेगळ्या जातीचे ठेवा: एक डोळ्यांनी दिसणारा, एक माहितीचा, एक बोलण्यातला.

दिसणारा सुगावा: चुलाणापुढच्या, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या चुलीपुढच्या, राखेत पायाचे ठसे. चार बोटं आणि प्रत्येक बोटापुढे नखाचा बारीक टिंब. मांजर चालताना नखं आत ओढून घेतं, म्हणून त्याच्या ठशात नखं उमटत नाहीत, कुत्र्याची उमटतात. उदमांजराच्या पावलाला बोटं पाच. एका ठशाने दोन संशयित सुटतात.

माहितीचा सुगावा: मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाही. गुऱ्हाळातली सगळी मंडळी मनी मांजरीकडे बोट दाखवत असताना ती गुळाचा खडा हुंगून तोंड फिरवते. मजकुरात एवढंच यावं, "मनीने खडा हुंगला आणि मिशा साफ करत बसली." तिला गोड का लागत नाही ते शेवटी कळू द्या.

बोलण्यातला सुगावा मराठीने आपल्याला फुकट दिला आहे. त्याबद्दल टप्पा ५ मध्ये सविस्तर लिहिते.

आता खोट्या वाटा. पहिली मनीची. दुसरी उदमांजराची: त्याला आपल्याकडे कांडेचोरही म्हणतात. नावातच "चोर"! बिचारा म्हणतो, "नाव आजोबांनी ठेवलं, मी काय करू?" मुलं इथे खळखळून हसतात, आणि नावावरून कुणाला चोर ठरवू नये हे कोणी न सांगता त्यांच्या मनात उतरतं. खोटी वाट खोट्या पुराव्यावर मात्र उभी करू नका. कांडेचोर रात्री गुऱ्हाळाजवळ खरंच आला होता, चिक्कूच्या झाडावर. झाडाखाली चिक्कूच्या बिया पडलेल्या दाखवा. प्रत्येक संशयिताचं असं खरं उत्तर हवं, नाहीतर मूल शेवटी विचारतं, "मग तो तिथे काय करत होता?"

तपासा: तीन सुगाव्यांतला कुठलाही एक झाका. उरलेल्या दोघांवरून मोत्याच चोर ठरतो का? ठरत असेल तर रचना मजबूत आहे, कारण मुलं एखादा सुगावा हमखास चुकवतात.

टप्पा ४: ३२ पानांची आखणी

एक वाक्य लिहिण्याआधी डमी करा. आठ कोरे कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडा, मध्ये दोन टाचण्या मारा, झालं ३२ पानांचं पुस्तक. पानांना आकडे घाला. पान १ शीर्षकाचं, २ आणि ३ छपाईचा तपशील व अर्पण. गोष्ट ४-५ पासून ३०-३१ पर्यंत, म्हणजे चौदा जोडपानं (समोरासमोरची दोन पानं मिळून एक जोडपान). पान ३२ शेवटच्या छोट्या चित्रासाठी.

मराठी पुस्तकात विषम आकड्याचं पान उजवीकडे येतं आणि उजवं पान संपलं की पान उलटतं. म्हणून उत्सुकता विषम पानाच्या तळाशी, उलगडा पुढच्या सम पानावर. "चिपाडांच्या ढिगामागून आवाज आला..." (चिपाडं म्हणजे रस काढून उरलेला ऊस) ही ओळ २३ वर हवी आणि आवाज कुणाचा ते २४ वर. हीच ओळ २२ वर पडली तर शेजारच्या पानावर उत्तर आधीच उघडं असतं. हस्तलिखितात ही चूक दिसत नाही, डमीत लगेच दिसते. एवढ्यासाठी तरी डमी कराच.

आपल्या गोष्टीची चौदा जोडपानं साधारण अशी पडतात. पहिल्या दोनांत गुऱ्हाळ: रस उकळायची काहील, वाफा, गूळ करणारा गुळव्या, नव्या गुळाचा घास सगळ्यांना वाटला जातोय आणि दूर फाटकापाशी पाठमोरा मोत्या. तिसऱ्यावर कुरतडलेली ढेप आणि मोत्याची तक्रार. चौथ्यावर चिचूताई पिल्लांच्या गाडीसह हजर. ठसे याच पानावर, राखेत. पाच ते नऊ संशयितांची विचारपूस. दहाव्या जोडपानाच्या शेवटी, म्हणजे २३ वर, चिपाडांमागचा आवाज. अकरा आणि बारावर उलगडा, तेरावर कबुली, चौदावर मोत्याच्या ताटलीत गूळ.

उलगड्याला दोन जोडपानं द्याच. बहुतेक नवे लेखक तो एका परिच्छेदात उरकतात. मुलाला मागे जाऊन प्रत्येक सुगावा पुन्हा पाहायचा असतो, तेवढी उसंत हवी.

सावधान: शेवटी "तात्पर्य" लिहू नका. चोरी करू नये हे वाक्य आलं की मोत्याचं दुःख पुसलं जातं. शेवटच्या चित्रात गुळव्या स्वतः फाटकापर्यंत ताटली घेऊन आलेला दिसला, की पुरे.

टप्पा ५: वाक्यं, आणि मराठीचं लिंग

आता लिहायला बसा. एका जोडपानावर पन्नास-साठ शब्द, म्हणजे सगळं मिळून आठशेच्या आसपास. जे चित्रात दिसतं ते लिहू नका. "राखेत नखांचे ठसे होते" असं चौथ्या जोडपानावर लिहिलंत, तर मुलाच्या हातातला शोध काढून घेतलात.

मराठीत रहस्य लिहिणाऱ्याला सगळ्यात जास्त दगा क्रियापद देतं. "चोर रात्री आली" लिहिलं की अर्धे संशयित सुटले. चोराचं लिंग झाकायचे दोन सोपे मार्ग आहेत. एक, नपुंसकलिंगी "कुणीतरी": "रात्री कुणीतरी आलं होतं." दुसरा, "ने" लावलेला कर्ता: "चोराने गूळ खाल्ला." इथे क्रियापद गुळाच्या मागे जातं, खाणारा पुरुष की बाई ते कळत नाही. सगळा मजकूर या नजरेने एकदा चाळा. माझ्या एका मसुद्यात पाचव्या पानावर "तो पळाला" राहून गेलं होतं, आणि दुसरीतल्या एका मुलीने तिथेच मनीला निर्दोष सोडलं.

हीच अडचण उलटवली की तिसरा सुगावा मिळतो. मोत्या आधी सांगतो, "आवो ताई, लई अंधार होता. कोण आलं ते काय दिसलंच न्हाई." चार पानांनंतर तोच म्हणतो, "मी भुंकलो, तशी ती पळाली की!" दिसलंच नव्हतं, तर "ती" कुठून आली? मोठ्याने वाचताना हे वाक्य अडखळू न देता सहज वाचा. पकडणारी मुलं पकडतात आणि त्यांचा आनंद बघण्यासारखा असतो.

प्राण्यांच्या नावांचं लिंगही आधी ठरवा. उदमांजर नपुंसकलिंगी, चिचुंद्री स्त्रीलिंगी, कुत्रा पुल्लिंगी. "उदमांजर म्हणालं" आणि "कांडेचोर म्हणाला" एकाच पानावर आले की मूल गोंधळतं. एक नाव धरा. मोत्या चिचूताईला "तुम्ही" म्हणतो, कारण त्याने तिला कामासाठी बोलावलंय. कोंबडी शेजारीण, ती "अगं चिचे" म्हणते. हे नातं शेवटच्या पानापर्यंत बदलू देऊ नका. मोत्याच्या कोल्हापुरी बोलीवर कुणाला हसवू नका. गोष्टीत तो सगळ्यात मनाला लागणारं वाक्य त्याच बोलीत बोलतो: "समद्यांना दिला, मला कुणी हाक बी मारली न्हाई."

जोडाक्षरं कमी ठेवा, पण त्यासाठी भाषा बोबडी करू नका. "काहील", "चुलाण", "चिपाडं" हे शब्द मुलांना नवे असले तरी चित्रात ती वस्तू समोर असते, म्हणून अडत नाही.

टप्पा ६: विनोद तपासात गुंफा

विनोद वेगळा चिकटवला की सोलून निघतो. दर पानावर कुणाला तरी घसरवून पाडणं हा थकलेल्या लेखकाचा उपाय आहे. एकच गंमत निवडा, ती तीनदा आणा आणि तिसऱ्यांदा तिच्याकडून काम करून घ्या.

आमची गंमत म्हणजे ताईचा वास. ती मनीजवळ गेली, मनी शिंकली: "आक्छी!" ती कांडेचोराच्या झाडाखाली गेली, वरून "आक्छी!" आणि दोन चिक्कू खाली. ताई दर वेळी पिल्लांना म्हणते, "हवा फार गार आहे, नाही?" तिसऱ्यांदा ती चिपाडांच्या ढिगाशी येते. तिथे कोणीच नाही असं सगळ्यांना वाटतंय, आणि ढिगामागून शिंक येते. पान उलटा. ढिगामागे मोत्या, शेजारी त्याचं घोंगडं आणि घोंगड्यातून निघालेली काळ्या मुंग्यांची रांग. ज्या वासाने ताई लाजत होती त्याच वासाने चोर सापडला.

विनोद आणखी एका कामाला येतो, सुगावा लपवायला. चौथ्या जोडपानावर डाव्या बाजूला पिल्लांची गाडी घसरून राखेत पडलेली आहे आणि मुलं तिथे बघून हसतात. ठसे उजव्या कोपऱ्यात. दुसऱ्यांदा वाचताना ते सापडतात.

सावधान: शारीरिक व्यंगावर, जाडीवर, रंगावर विनोद नको. ताईच्या वासाची गंमत चालते, कारण ताई हुशार आहे आणि शेवटी वासाचाच उपयोग होतो. तो शेवट नसता तर मी ही गंमत काढून टाकली असती.

टप्पा ७: चित्र-टिपण

प्रत्येक जोडपानासाठी तीन रकाने करा: मजकूर, चित्रात काय, सुगावा कुठे. तिसरा रकाना बहुतेक लेखक देत नाहीत, आणि मग चित्रकार राखेचं सुंदर चित्र काढतो, ठसे मात्र राहून जातात. नेमकं लिहा: "उजव्या पानावर खाली, चुलाणाच्या तोंडापाशी चार ठसे, प्रत्येकाला चार बोटं, नखांचे टिंब स्पष्ट." रंग, कोन, कपडे चित्रकारावर सोडा. ते त्याचं काम आहे आणि तो ते आपल्यापेक्षा चांगलं करतो.

आकारांचं प्रमाण आधी ठरवून घ्या. चिचुंद्रीचं अंग दहा-पंधरा सेंटीमीटरचं. तिच्या उंचीवरून पाहिलं तर मोत्या म्हणजे चार खांब आणि वर कुठेतरी जबडा. सगळं पुस्तक जमिनीलगतच्या नजरेने काढलं तर साध्या गुऱ्हाळाचा किल्ला होतो. पात्रांचे समोरून, बाजूने, मागून असे नमुने आधी काढून घ्या, म्हणजे अकराव्या जोडपानावर मोत्याच्या कानाचा रंग बदलत नाही. रहस्यकथेत असा चुकून झालेला बदल मुलं सुगावा समजतात आणि भलत्याच वाटेला लागतात.

टप्पा ८: मुलांसमोर डमी

कच्च्या रेखाटनांची डमी तीन-चार मुलांना वेगवेगळी वाचून दाखवा. एकत्र बसवलं तर मोठं मूल उत्तर सांगून टाकतं. दोन ठिकाणी थांबून विचारा, "कोण असेल?": सहाव्या जोडपानानंतर आणि दहाव्यानंतर. सहाव्यालाच सगळी मोत्या म्हणाली तर सुगावा फार ठळक झालाय. दहाव्यानंतर कुणीच म्हणत नसेल, आणि उत्तर कळल्यावरही ठसे शोधून सापडत नसतील, तर तो फार पुसट आहे. निम्मी बरोबर, निम्मी चूक आणि सगळी मागे पानं उलटतायत, असं झालं की हात लावू नका.

मूल कुठे हसलं ते डमीवरच पेन्सिलीने लिहा. तुम्हाला आवडणारा विनोद आणि त्याला हसू आलेली जागा क्वचितच एक असते. लाज न बाळगता तुमचा काढा.

टप्पा ९: अक्षरं आणि छपाई

मजकूर युनिकोडमध्ये द्या. जुन्या फॉन्टमधून रूपांतर केलं की रफार आणि जोडाक्षरं तुटतात, आणि नवशिक्या वाचकाला तुटका शब्द स्वतःची चूक वाटतो. अक्षर सोळा ते अठरा पॉइंटचं. मुक्ता किंवा बलू हे मोफत फॉन्ट मुलांच्या पुस्तकाला चांगले दिसतात. चित्रं तीनशे डीपीआय (इंचाला तीनशे ठिपके), चारी बाजूंना तीन मिलिमीटर कापणीची जागा.

रात्रीची चित्रं पडद्यावर दिसतात त्याहून कागदावर काळी येतात, मॅपलिथोवर (चकचकीत लेप नसलेल्या कागदावर) तर फारच. ही गोष्ट रात्रीची आहे, तेव्हा चुलाणाचा उजेड आणि कंदील सढळ हाताने वापरा आणि सुगावे उजेडाच्या कडेला ठेवा. माझ्या एका पुस्तकात ठसे दोन पानांच्या मधल्या घडीत गेले. पडद्यावर ते मोठे दिसत होते. छापील पुस्तकात नखं शिवणीत गडप झाली आणि मुलांनी शेवटपर्यंत मांजरालाच चोर धरलं. तेव्हापासून घडीपासून दोन सेंटीमीटरच्या आत मी एकही सुगावा ठेवत नाही.

छापखान्यातून प्रूफ आलं की मजकूर वाचायच्या आधी पान ११ उघडा, ते पुस्तकासारखं दुमडा, हातभर लांब धरा आणि नखं मोजा. एका ठशाला चार दिसली तरच सही करा.